‘सॉरी’ : मूळ आणि मोल

सुशिक्षित मराठी घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत जो इंग्रजी शब्द सर्वांत अधिक वेळां उच्चारला जातो तो कोणता, असा प्रश्न कोणीं मला केला, तर मी ‘सॉरी’ ह्या शब्दाचें नांव घेईन. चहाचा पेला कलंडला, ‘सॉरी’. टेलिफोनवर भलताच नंबर लागला, ‘सॉरी’. बसच्या गर्दींत कोणाच्या पायावर पाय पडला, ‘सॉरी’. समोरच्या माणसाचें बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं, तरीहि ‘सॉरी?’ असें किंचित् वरच्या स्वरांत म्हटलें कीं तो आपलें वाक्य पुन्हां म्हणतो. चार वर्षांच्या बालकापासून सत्तरीच्या आजीपर्यंत सर्वांच्या जिभेवर हा शब्द इतका रुळला आहे कीं, तो परका आहे ह्याची आठवणहि आतां कोणास होत नाहीं.

इंग्रजी भाषा व वाङ्मय शिकविण्याचा व्यवसाय मी जवळजवळ तीस वर्षें करीत आहे. परंतु दिवसांतून इतक्या वेळां उच्चारल्या जाणाऱ्या ह्या शब्दानें आपण नेमकें काय म्हणतों, हा प्रश्न मला गेल्या कांहीं वर्षांतच पडूं लागला. तो पडण्यास एक खाजगी कारणहि आहे. तें मी लेखाच्या अखेरीस सांगेन. तूर्त प्रश्न एवढाच मांडून ठेवतों : आपल्या हातून कोणाचा अपराध घडला असतां ‘सॉरी’ म्हणून आपण त्याचें कांहीं देणें फेडतों, कीं केवळ स्वतःविषयींची एक बातमी त्याच्या कानावर घालतों?

आधीं शब्दाचें कूळ पाहूं. ‘सॉरी’ हा इंग्रजीचा अस्सल घरचा शब्द आहे; लॅटिन अथवा फ्रेंच भाषेंतून तो उसना आणलेला नाहीं. नॉर्मन लोकांनीं इ. स. १०६६ मध्यें इंग्लंड जिंकलें, त्याच्या पुष्कळ आधींपासून अँग्लो-सॅक्सन लोकांच्या भाषेंत ‘सारिग’ असा शब्द होता. ‘सार’ म्हणजे जखम, व्रण, वेदना. आणि ‘इग’ हा ‘युक्त’ अशा अर्थाचा प्रत्यय. तेव्हां ‘सारिग’ म्हणजे वेदनायुक्त, व्यथित. ह्याच ‘सार’पासून आजचा ‘सोअर’ हा शब्द झाला. घसा धरला अथवा अंग ठणकूं लागलें म्हणजे इंग्रज जो शब्द वापरतो, तोच हा. जर्मन भाषेंत ‘फार’, ‘अतिशय’ ह्या अर्थीं ‘झेअर’ हा शब्द रोजच्या वापरांत आहे. तोहि ह्याच कुळांतला. ‘दुखेल इतकें’ ह्या मूळ अर्थावरून त्याला ‘पुष्कळ’ हा अर्थ आला. आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’ म्हणतात, तशांतलाच हा प्रकार.

शोक ह्या अर्थाचा ‘सॉरो’ हा शब्द ‘सॉरी’चा सख्खा भाऊ असावा, असें कोणासहि वाटेल. माझ्या वर्गांतील मुलांना दरवर्षीं तसें वाटतें. परंतु दोघांचीं घराणीं वेगळीं आहेत. ‘सॉरो’ हा प्राचीन ‘सोर्ग’ ह्या शब्दापासून आलेला आहे, व त्याचा जर्मन भाऊबंद ‘झोर्ग’ आजहि काळजी, चिंता ह्या अर्थीं वापरला जातो. शतकानुशतकें शेजारीं राहून दोघांचे उच्चार जवळ आले, एकाचा रंग दुसऱ्यास लागला. पण रक्ताचें नातें नाहीं. ‘सॉरो’चा जन्म चिंतेच्या घरीं झाला, ‘सॉरी’चा जखमेच्या घरीं.

ह्या शब्दाचा जुना वापर पाहिला म्हणजे एक गोष्ट प्रकर्षानें ध्यानांत येते. ‘बेवुल्फ’ ह्या प्राचीन इंग्रजी महाकाव्याची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक आहे, ती इ. स. १००० च्या सुमारास लिहिली गेली. त्या काव्यांत एका म्हाताऱ्या बापाचें चित्र आहे. त्याचा तरुण मुलगा फांसावर लटकत आहे, आणि बाप त्याच्यासाठीं गाणें गात आहे. त्या गाण्याला कवीनें ‘सारिग’ हें विशेषण लावलें आहे. ह्यांत बापाचा अपराध कोणता? कांहींच नाहीं. तो कोणाची क्षमा मागत नाहीं. त्याला केवळ दुखत आहे. त्यानंतर सुमारें सहाशें वर्षांनीं शेक्स्पिअरचा मॅक्बेथ, झोंपलेल्या राजाचा खून करून बाहेर येतो, आणि स्वतःचे रक्तानें माखलेले हात पाहून त्या दृश्याला ‘सॉरी’ म्हणतो. तोंवर ह्या शब्दाला ‘केविलवाणें’, ‘दीन’ असाहि अर्थ आला होता, व तोच येथें आहे. म्हणजे येथें खून आहे, खुनी आहे, ‘सॉरी’ हा शब्दहि आहे; फक्त ज्याचा खून झाला त्याच्याकडे मात्र तो शब्द वळलेला नाहीं.

पुढें ‘आय ॲम सॉरी’ हें वाक्य चुकीबद्दल खेद दाखविण्यासाठीं रूढ झालें. आणि एकोणिसाव्या शतकांत त्या वाक्यांतील कर्ता व क्रियापद गळून पडून नुसतें ‘सॉरी’ एवढेंच उच्चारण्याची पद्धत पडली. वाक्य आटून शब्द झाला. त्या आटण्यांत जें प्रथम नाहींसें झालें तें ‘मी’ हें पद, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. शब्दाचें मूळ म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ नव्हे. ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘अज्ञानी’ असा होता. म्हणून आपल्या सुनेच्या हातच्या पुरणपोळीला कोणी ‘नाइस’ म्हटलें, तर घरांत भांडण होत नाहीं. शब्दांचा अर्थ बोलणारे लोक ठरवितात, कोशकार नव्हे. तेव्हां ‘सॉरी’च्या मुळाशीं जखम आहे, एवढ्यावरून आजच्या बोलणाराला जखम झालेलीच असली पाहिजे, असा दंडक घालतां येणार नाहीं. तरी पण मूळ अर्थ एक उपयोगी काम करतो : वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यावर पूर्वीं कोणता छाप होता, तें तो दाखवितो. आणि ह्या नाण्यावरचा छाप असें सांगतो कीं, ‘सॉरी’ म्हणणारा माणूस स्वतःबद्दल बोलत असतो. ‘मला दुखत आहे’ एवढेंच तो म्हणतो. दुसऱ्याचें काय झालें, तें कोणीं केलें, त्याची भरपाई कशी होणार, ह्यांपैकीं कशाचाहि उच्चार ह्या शब्दांत नाहीं.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल्. ऑस्टिन ह्यांनीं १९५५ मध्यें हार्वर्ड येथें दिलेल्या व्याख्यानांत हाच भेद निराळ्या वाटेनें दाखविला आहे. तीं व्याख्यानें त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांचें म्हणणें असें कीं, कांहीं वाक्यें केवळ माहिती देत नाहींत, तीं उच्चारणें म्हणजेच एक कृति करणें होय. ‘मी वचन देतों’ असें म्हणणें हेंच वचन देणें. ‘आय अपॉलजाइझ’ हें वाक्य ह्या जातीचें आहे. तें म्हटलें कीं क्षमायाचना घडली. ‘आय ॲम सॉरी’ मात्र अर्धेंमुर्धें आहे; तें अंशतः कृति, अंशतः स्वतःच्या मनःस्थितीचें वर्णन. घसरायला वाव आहे तो ह्या अर्धेपणांतच. ऐकणाऱ्याला वाटतें कृति झाली; बोलणाऱ्यानें, मनांत आणल्यास, नुसतें वर्णन केलेलें असतें.

मग ‘अपॉलजी’ हा शब्द तरी निर्दोष आहे काय? त्याची कथा आणखीच विलक्षण आहे. ग्रीक भाषेंत ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला उत्तर म्हणून केलेलें बचावाचें भाषण. इ. स. पूर्व ३९९ मध्यें अथेन्सच्या न्यायसभेपुढें सॉक्रेटिसानें जें भाषण केलें, त्यावर प्लेटोनें लिहिलेला ग्रंथ ह्याच नांवानें प्रसिद्ध आहे. आणि त्यांत सॉक्रेटिस कोणाचीहि क्षमा मागत नाहीं. इंग्रजींतहि आरंभीं ह्या शब्दाचा अर्थ ‘समर्थन’ असाच होता. सर फिलिप सिडने ह्याचा काव्याच्या समर्थनार्थ लिहिलेला निबंध १५९५ मध्यें छापला गेला, तेव्हां त्याच्या एका आवृत्तीच्या मथळ्यावर ‘अपॉलजी’ व दुसरीच्या मथळ्यावर ‘डिफेन्स’ असे शब्द होते. वाचकांना त्यांत विसंगति वाटली नाहीं. पुढें हळूहळू ‘माझी बाजू अशी आहे’ ह्या अर्थापासून ‘माझी बाजू चूक आहे’ ह्या अर्थापर्यंत तो शब्द चालत आला. परंतु जुनी संवय समूळ गेली असें वाटत नाहीं. ‘सॉरी, पण तूंच आधीं...’ असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां पहिल्या शब्दानें स्वतःचें दुखणें सांगून दुसऱ्या शब्दापासून आपण सॉक्रेटिसाचें भाषण सुरू करीत असतों. फक्त सॉक्रेटिसाची निर्दोषता आपल्यापाशीं नसते.

आतां आपल्या घरांतील शब्दांकडे वळूं. ‘सॉरी’ आला तेव्हां मराठींत जागा रिकामी होती असें नाहीं. ‘दिलगिरी’ फारशींतून आली. ‘दिल’ म्हणजे हृदय व ‘गीर’ म्हणजे धरणारें. ज्याचें हृदय कशानें तरी पकडलें आहे, आवळलें आहे, तो दिलगीर. हा शब्द ‘सॉरी’चा जवळचा सोबती होय, दोघेहि बोलणाऱ्याच्या अंतःकरणाविषयीं बोलतात. सरकारी पत्रांत व वर्तमानपत्रांच्या चूकदुरुस्तींत तो अजून जिवंत आहे. ‘माफी’ हा शब्द अरबींतून फारशीच्या वाटेनें आला. तो मुळांत सूट देण्याचा शब्द आहे. शेतसारा माफ होतो, दंड माफ होतो, त्याच अर्थानें अपराधहि माफ होतो. माफी मागणारा आपण देणेकरी आहों हें कबूल करतो, आणि खातें पुसून टाकण्याची विनंति करतो. ‘क्षमा’ हा संस्कृत शब्द ह्याहून खोल आहे. ‘क्षम्’ ह्या धातूचा अर्थ सोसणें, सहन करणें; पृथ्वीलाहि संस्कृतांत क्षमा म्हणतात, कारण ती सर्व सोसते. ‘सक्षम’, ‘अक्षम’ हे शब्दहि त्याच धातूपासून आलेले. सोसण्यास जो समर्थ तो क्षम. ‘क्षमा कर’ म्हणणारा मनुष्य वस्तुतः असें म्हणत असतो कीं, ‘मीं टाकलेलें हें ओझें तूं सोस.’ किती मोठें मागणें आहे हें! तें आपण किती सहज मागतों!

परंतु ह्या सर्वांपेक्षां मला अधिक मोलाचा वाटतो तो एक अगदीं साधा मराठी उद्गार : ‘माझें चुकलें.’ ह्यांत हृदयाचें वर्णन नाहीं, सूट मागणें नाहीं, दुसऱ्यावर ओझें टाकणें नाहीं. ह्यांत फक्त एक घडलेली गोष्ट कबूल केलेली आहे, आणि ‘माझें’ हा शब्द आरंभींच आहे. इंग्रजी वाक्य आटतांना ‘मी’ गळाला. मराठी वाक्यांत तो टिकून राहिला. जैन बांधव पर्युषणाच्या अखेरीस एकमेकांना ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतात, त्या प्राकृत शब्दांचा अर्थ ‘माझें दुष्कृत मिथ्या होवो’ असा आहे. तेथेंहि शब्द भावनेचा नाहीं, दुष्कृताचा आहे. आणि तें दुष्कृत ‘माझें’ आहे.

लहानपणीं आम्हां भावंडांपैकीं कोणी खोडी केली, म्हणजे आई ‘चुकलें म्हण’ असें सांगे. आम्ही घाईघाईनें ‘चुकलें’ म्हणून पळूं लागलों, कीं ती हात धरून विचारी, ‘काय चुकलें?’ ह्या दुसऱ्या प्रश्नाची मला त्या वयांत फार भीति वाटे. ‘चुकलें’ म्हणावयास एक क्षण पुरे. पण ‘मीं ताईची वही मुद्दाम पाण्यांत टाकली’ असें ताईच्या तोंडावर सांगतांना घसा कोरडा पडे. आज मागें वळून पाहतांना वाटतें, ‘सारिग’ ह्या शब्दांतलें दुखणें मला प्रथम कळलें तें त्या दुसऱ्या प्रश्नानें. पहिला शब्द दुखत नव्हता. कृत्याचें नांव घेणें दुखत होतें.

व्यक्तींप्रमाणें राष्ट्रांच्या व्यवहारांतहि हा भेद दिसून येतो. १ एप्रिल २००१ रोजीं चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचें टेहळणी विमान व चीनचें लढाऊ विमान ह्यांची आकाशांत टक्कर झाली. चिनी वैमानिक नाहींसा झाला. अमेरिकन विमान चीनच्या भूमीवर उतरलें व त्यांतील चोवीस माणसें तेथें अडकून पडलीं. चीननें क्षमायाचनेची मागणी केली. अखेर ११ एप्रिलला अमेरिकेनें जें पत्र दिलें, त्यांत ‘फार सॉरी’ असे शब्द दोनदां होते. एकदां वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदां परवानगीवांचून उतरल्याबद्दल. टकरीचा दोष मात्र आपला आहे, असें त्यांत कोठेंहि नव्हतें. अमेरिकेनें आपल्या लोकांना सांगितलें, आम्हीं क्षमा मागितली नाहीं. चीननें आपल्या लोकांना सांगितलें, त्यांनीं क्षमा मागितली. माणसें सुखरूप घरीं गेलीं, हें चांगलेंच झालें. पण ‘सॉरी’ ह्या शब्दाचा अर्धेपणा इतका उपयोगी पडल्याचें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

ह्याच्या उलट ऑस्ट्रेलियाचें उदाहरण पहा. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांपासून १९७० च्या सुमारापर्यंत तेथील मूळ रहिवाशांचीं असंख्य मुलें सरकारी धोरणानें आईबापांपासून तोडून संस्थांत व गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यांत आलीं. १९९७ मध्यें ह्यासंबंधींचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. पुढील वर्षीं २६ मे रोजीं लोकांनीं पहिला ‘सॉरी दिन’ पाळला. पण त्या वेळचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड ह्यांनीं १९९९ मध्यें संसदेंत जो ठराव मांडला, त्यांत मनःपूर्वक खेद होता; क्षमायाचना नव्हती. आजच्या पिढीनें मागच्या पिढ्यांचें पाप आपल्या माथीं कां घ्यावें, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो अगदींच पोकळ होता असें मी म्हणणार नाहीं. २८ मे २००० रोजीं सिडनी बंदराच्या पुलावरून लोकांचा अफाट समुदाय चालत गेला, आणि वर आकाशांत विमानानें धुराच्या अक्षरांत ‘सॉरी’ हा एकच शब्द लिहिला. शेवटीं १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनीं संसदेंत उभें राहून तो शब्द उच्चारला. त्यांनीं तो एकटा उच्चारला नाहीं. मुलें तोडलीं, कुटुंबें मोडलीं, असें कृत्यांचें नांव घेऊन उच्चारला. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यापैकीं अनेकजण त्या वेळीं तेथें हजर होते. भरपाईचा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं. पण बसच्या गर्दींत फुंकरीसारखा उडून जाणारा हाच शब्द ऐकतांना त्या दिवशीं माणसें रडलीं.

आपल्या देशाचें एक येणें अद्याप तसेंच आहे. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. सरकारी आंकड्याप्रमाणेंहि ३७९ माणसें मेलीं. शंभर वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, १० एप्रिल २०१९ रोजीं, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनीं पार्लमेंटांत खोल खेद व्यक्त केला. विरोधी पक्षाच्या नेत्यानें स्पष्ट क्षमायाचनेची मागणी केली, ती पुरी झाली नाहीं. खेद म्हणजे ‘मला दुखतें’. ‘आमचें चुकलें’ हें वाक्य निराळें आहे, आणि ज्यांच्या भाषेंत ‘सॉरी’ हा शब्द जन्मला त्यांना हा भेद आपल्यापेक्षां अधिक चांगला कळतो. किंबहुना, कळतो म्हणूनच तो इतक्या काळजीनें पाळला जातो.

कायद्यानेंहि ह्या भेदाची दखल घेतली आहे. ‘सॉरी’ म्हटलें तर न्यायालयांत तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरेल ह्या भीतीनें डॉक्टर, कारखानदार, मोटार हांकणारे हे सर्व तोंड मिटून बसूं लागले. म्हणून ब्रिटनच्या २००६ सालच्या एका कायद्यानें असें ठरविलें कीं, क्षमायाचना केली एवढ्यानेंच हयगय कबूल केली असें होत नाहीं; कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेंहि त्याच वर्षीं अशाच हेतूनें कायदा केला. हेतु दयाळू आहे. रुग्णाच्या नातलगांना दोन मायेचे शब्द ऐकावयास मिळावे, हा त्यामागील विचार. पण ह्यांत एक विचित्र गोष्ट घडते : ज्या शब्दानें बोलणाऱ्याला कांहींच धोका नाहीं, असा शब्द कायदा त्याच्या हातांत देतो. त्यानें तो मनापासून म्हटला, कीं फुकट मिळतो म्हणून म्हटला, हें ऐकणाऱ्यानें कशावरून ओळखावें?

हें सर्व वाचून मी ‘सॉरी’ ह्या शब्दाचा शत्रु आहे असा वाचकांचा ग्रह होऊं नये. बसमध्यें लागलेल्या धक्क्याबद्दल कोणीं आपल्या अंतःकरणाची चिरफाड करावी, असें मी म्हणत नाहीं. गाडीच्या आंसाला जसें वंगण, तसा दाटीनें राहणाऱ्या माणसांना हा शब्द. शिवाय ह्या परक्या शब्दानें आपल्यावर एक उपकारहि केला आहे, तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. माझ्या वडिलांच्या तोंडून मुलांपुढें ‘माझें चुकलें’ हे शब्द मीं जन्मांत कधीं ऐकले नाहींत. त्यांना चूक कळत नसे असें नाहीं. रागावून मारल्यावर संध्याकाळीं ते न बोलतां खाऊ आणून ठेवीत. परंतु वडील माणसानें लहानापुढें, नवऱ्यानें बायकोपुढें, मालकानें गड्यापुढें ‘चुकलें’ म्हणावयाचें नाहीं, असा आपला अलिखित दंडक होता. चुकण्याचा कबुलीजबाब हा खालून वर जाई, वरून खालीं येत नसे. ‘सॉरी’ हा हलका होता, परका होता, म्हणून तो दंडक ओलांडून जाऊं शकला. मी माझ्या मुलीला सहज ‘सॉरी’ म्हणतों; भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंना माझी पत्नी ‘सॉरी’ म्हणते. ‘माझें चुकलें’ हे शब्द कदाचित् आम्हां दोघांच्या घशांत अडकले असते. जड दार जेथें उघडलें नसतें, तेथें ह्या शब्दानें निदान खिडकी उघडली.

पण खिडकींतून आंत आलेला मनुष्य दारानें आलेल्यासारखा होत नाहीं. ‘माझें चुकलें’ म्हणण्यापासून सुटका व्हावी म्हणून जेव्हां आपण ‘सॉरी’ म्हणतों, तेव्हां आपण स्वतःलाच फसवितों. आतां आरंभीं म्हटलेलें खाजगी कारण सांगतों.

पंचवीस वर्षांपूर्वीं, मी नव्यानेंच शिकवूं लागलों होतों तेव्हां, वर्गांतील दोन विद्यार्थ्यांचे निबंध मला शब्दशः सारखे आढळले. त्यांतला एक शहरांतल्या इंग्रजी शाळेंत शिकलेला, बोलका मुलगा. दुसरा खेड्यांतून आलेला, मराठी शाळेंत शिकलेला, पहिल्या बांकावर बसून खालमानेनें लिहिणारा. निबंध उत्तम होता. मीं एका क्षणाचाहि विचार न करतां त्या दुसऱ्या मुलाला उभें केलें, आणि ऐंशी मुलांसमोर म्हटलें, ‘असें इंग्रजी तुझें असणें शक्य नाहीं.’ वर्ग हंसला. तो कांहींच बोलला नाहीं. दोन दिवसांनीं पहिला मुलगा माझ्या खोलींत आला, आणि निबंध आपणच त्याच्या वहींतून उतरवून घेतला होता, असें त्यानें कबूल केलें. मी ताबडतोब उठलों, व्हरांड्यांत त्या मुलाला गांठलें, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ‘सॉरी हं’ म्हटलें. तो म्हणाला, ‘इट्स ऑल राइट, सर.’ मला हलकें वाटलें. मला खरोखरच वाईट वाटलें होतें. माझें ‘सॉरी’ खोटें नव्हतें. शब्दाच्या मूळ अर्थानें पाहिलें तर तें पूर्णपणें खरें होतें : मला दुखत होतें, आणि तें मीं सांगितलें.

त्यानंतर तो पहिल्या बांकावर कधीं बसला नाहीं. वर्गांत प्रश्न विचारला तर मान खालीं घाली. परीक्षेंत तो चांगला उत्तीर्ण झाला व निघून गेला. त्याला मागचें सर्व आठवतें कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. मला मात्र आठवतें, आणि आठवतो तो माझा आरोप नव्हे, तर माझें ‘सॉरी’. अपमान ऐंशी जणांसमोर केला, आणि खेद व्हरांड्यांत, कोणी ऐकत नाहींसें पाहून व्यक्त केला. आणि काय चुकलें, तें तर मीं उच्चारलेंच नाहीं. निबंध कोणाचा हें ओळखण्यांत चूक झाली, ही माझी खरी चूक नव्हतीच. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाच्या हातून चांगलें इंग्रजी उतरणारच नाहीं, असें मीं गृहीत धरलें होतें, ही खरी चूक. स्वतः मराठी शाळेंत शिकलेल्या माणसानें ती केली होती. आईनें हात धरून ‘काय चुकलें?’ असें विचारलें असतें, तर हें वाक्य मला वर्गांत उभें राहून बोलावें लागलें असतें. त्या वाक्याच्या भीतीनें मीं एक शब्द पुढें केला, आणि त्या सज्जन मुलानें माझी सुटका केली.

म्हणून आतां मला असें वाटतें कीं, अपराधाच्या खेदाला दोन गोष्टी लागतात. त्या असल्या तर शब्द इंग्रजी कीं मराठी, ह्याला महत्त्व नाहीं. एक, कृत्याचें नांव. आणि दुसरी, जखम जेथें झाली तें ठिकाण. ज्यांच्यासमोर अपमान केला त्यांच्यासमोर, जें केलें त्याचें नांव घेऊन ‘सॉरी’ म्हटलें, तर हजार वर्षांपूर्वींची ती वेदना त्या शब्दांत पुन्हां जागी होते, आणि ती बोलणाऱ्यापुरती राहत नाहीं. हें केलें नाहीं, तर ‘क्षमस्व’ म्हटलें तरी तें व्हरांड्यांतलेंच ‘सॉरी’ होय.

अलीकडे वर्गांत माझ्या हातून चूक झाली, म्हणजे मी ती वर्गांतच सांगतों; कोणतें वाक्य चुकलें, कोणावर अन्याय झाला, तें सर्वांसमोर बोलतों. संवय झाली तरी अजून घसा कोरडा पडतो. त्यानें जुनें देणें फिटत नाहीं, हें मी जाणतों. आणि हा लेख लिहूनहि तें फिटलें नाहीं. कारण त्या दिवशीं हंसलेलीं तीं ऐंशी मुलें आतां कोठें कोठें पांगलीं आहेत, आणि तो वर्ग पुन्हां भरवितां येत नाहीं.